बापाची गाठ आणि कर्णिकबाईंची पापलेटं

मी कंपनीतली कायमची नोकरी सोडून लोकांच्या खिडक्या पुसायला लागलो, ही बातमी माझ्या बायकोला साडेतीन महिने उशिरा कळली. कळली तेव्हा मी चौथ्या मजल्यावर होतो. बाहेरच्या बाजूने.

हे लिहायला बसवलंय आमच्या सुनेने. म्हणाली, दिवसभर छताकडे बघत पडता, त्यापेक्षा वही घ्या. माझी शाळा चौथीनंतर सुटलेली (मी तिला सोडलं की तिने मला, यावर घरात दोन मतं होती), तेव्हा अक्षर आणि अक्कल दोन्ही जेमतेम. चुकलं तर सुनेला बोला.

आम्ही ठाण्याचे, चेंदणी कोळीवाड्यातले. बापाची होडी होती. बापाने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, मोठ्या माणसाला उलट बोलायचं, पण लांब उभं राहून. दुसरी, गाठ मारायची. आमच्या घरची गाठ वेगळी. कोरडी असली की दोन बोटांनी सुटते, पाणी लागलं की अशी आवळते की बैलजोडी लावली तरी हलत नाही. होडीवर तेच पाहिजे असतं. मी आयुष्यभर तीच एक गाठ मारली. गोणीला तीच, मच्छरदाणीला तीच, पायजम्याच्या नाडीलाही तीच. पावसात भिजून आलो की नाडी अडकून बसायची. मग मथुरा, म्हणजे आमची बायको, पुढे यायची, काहीतरी करायची आणि सोडवायची. काय करायची ते मी कधी बघितलं नाही. त्या वेळी मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा असायचो.

मथुराचे दोन भाऊ एकाच दिवशी समुद्रावर गेले. होडी परत आली, ते आले नाहीत. म्हणून तिच्या बापाने जावई शोधला तो कंपनीतला. मी तेव्हा नुकताच वागळे इस्टेटमध्ये लागलेलो, पंख्यांची पाती खोक्यात भरायच्या कामाला. लग्नाच्या आधी ती माझ्याशी एकदाच बोलली, विहिरीवर, तेही माझ्याकडे न बघता.

"लगीन करते. पन पाय जमिनीवर पायजेत. परत्येक दिवशी."

मी म्हटलं, बरं. बाकी काही मागितलं असतं तरी बरंच म्हटलं असतं, दिसायला ती तशी होती. पण तिने तेवढंच मागितलं आणि मी तेवढंच कबूल केलं. हे ध्यानात ठेवा. पुढची सगळी भानगड त्यावर आहे.

एकोणीस वर्षं मी पाती भरली. एका खोक्यात तीन पाती, मध्ये पुठ्ठा, वर चिकटपट्टी. आमच्या पॅकिंग खात्याला खिडकी नव्हती. एकही. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे चहावाल्याच्या डोक्यावरून कळायचं.

मग नव्वदच्या आसपास एकदा मोठा साहेब यायचा होता आणि मॅनेजरच्या वरच्या मजल्यावरच्या नव्या केबिनची काच बाहेरून काळी झालेली. कुणी पुसायला तयार नाही. मी म्हटलं, मी पुसतो. घरी माळ्यावर बापाचा होडीचा दोर होता. (बापाने होडी विकली, दोर विकला नाही. माणूस हिशेबी होता, पण त्याचा हिशेब कुणाला कळला नाही.) तो दोर आणला, एक पाट बांधला, त्यावर बसून खाली उतरलो आणि काच अशी पुसली की मोठ्या साहेबाने आल्याआल्या तिच्यावर डोकं आपटलं. आपटून म्हणाला, "गुड."

एकोणीस वर्षांत माझ्या कामाला कुणी गुड म्हटलं नव्हतं. पाती भरलेलं खोकं बघून कोण काय म्हणणार?

डोकं फिरलं ते तिथे. त्या वेळी ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळीकडे सरकत्या काचांच्या खिडक्या येत होत्या. आधीच्या लाकडी खिडक्या उघडायच्या, बाई आतून फडकं मारायची. सरकत्या काचेची बाहेरची बाजू पुसायला हात पोचत नाही, कारण आतून ग्रिल. मी विचार केला, एवढ्या काचा आणि एवढी धूळ, आणि बाहेरून लटकायला तयार असलेला माणूस मी एकटा. हा धंदा बुडणं शक्यच नाही!

राजीनामा क्लार्कने लिहून दिला. त्याने विचारलं, कारण काय लिहू. मी म्हटलं, खिडकी. त्याने माझ्याकडे थोडा वेळ बघितलं आणि "घरगुती अडचण" असं लिहिलं. अडचण तोपर्यंत घरगुती नव्हती. ती नंतर झाली.

कारण घरी मी सांगितलंच नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता पहिला आठवडा गेला, आणि आठवडाभर न सांगितलेली गोष्ट सांगायला एक जास्तीचं कारण लागतं. रोज सकाळी मी कंपनीचा खाकी ड्रेस घालून, डबा घेऊन निघायचो, आणि वागळे इस्टेटच्या ऐवजी डोंबिवलीला नाहीतर कल्याणला जायचो. दोर आणि पाट डोंबिवलीच्या एका इमारतीत जिन्याखाली ठेवलेले. मथुरा ठाण्यात दारोदार मासळी विकायची, नौपाड्यात तिची ठरलेली घरं होती. म्हणून ठाण्यात काम घ्यायचं नाही, हा माझा नियम. घेतलंच तर गुरुवारी. गुरुवारी तिची गिऱ्हाइकं मासळी खात नाहीत, ती पाटी बाहेर काढत नाही. एवढा विचार मी राजीनाम्याच्या वेळी केला असता तर काय पाहिजे होतं.

पण खोटं बोलायचं काम नोकरीपेक्षा अवघड निघालं. चौथ्याच दिवशी मथुराने माझा शर्ट हुंगला.

"तेलाचा वास नाय येत हल्ली. साबनाचा येतो."

मी म्हटलं, कंपनीत स्वच्छता मोहीम आहे. त्या दिवसापासून घरी यायच्या आधी मी सायकलच्या दुकानात थांबून चेनचं तेल शर्टाला चोळायचो. दिवसभर लोकांच्या काचा लख्ख करायच्या आणि संध्याकाळी स्वतःला मळवायचं.

मग ती कंपनीतल्या गोष्टी विचारायची. आधी मी कधी सांगत नव्हतो, कारण सांगण्यासारखं काही घडत नव्हतं. आता मनात चोर, म्हणून मी रोज काहीतरी सांगायला लागलो. त्यातून सदाभाऊ जन्माला आला. सदाभाऊ म्हणजे आमच्या खात्यात नवीन लागलेला माणूस. असा माणूस नव्हता. पण सांगायला बरा पडायचा. एकदा मथुराने सुकटीची चटणी दिलेली, ती इतकी झकास झालेली की गच्चीवर टाकीच्या सावलीत एकट्याने खाताना मला कुणाला तरी सांगावंसं वाटलं. घरी येऊन म्हटलं, सदाभाऊने तुझ्या चटणीचं नाव काढलं.

दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर एक छोटी डबी.

"त्या सदाभाऊला दे."

झालं. मग रोज डबी. कधी चटणी, कधी बोंबील, कधी तांदळाची भाकरी जास्तीची. आणि रोज संध्याकाळी मला सदाभाऊ काय म्हणाला ते सांगावं लागायचं. सदाभाऊ म्हणाला, असं कालवण मी जन्मात खाल्लं नाही. सदाभाऊ म्हणाला, वहिनींच्या हाताला चव आहे. एकोणीस वर्षं माझ्या तोंडून "मीठ कमी" याच्यापलीकडे काही निघालं नव्हतं, आणि आता मी रोज हे असलं बोलत होतो, दुसऱ्याच्या नावावर. मथुरा ऐकताना भांडी घासायची, पण हळू घासायची. एकदा तिने विचारलं, त्याला बायको नाय का? मी म्हटलं, नाही, बिचारा एकटा. (ही माझी घोडचूक.) तेव्हापासून डबी मोठी झाली.

साडेतीन महिने मी दोन माणसांचं जेवलो. पाट कुरकुरायला लागला.

त्या दिवशी गुरुवार होता. नौपाड्यात कर्णिकबाई म्हणून होत्या, चार मजली इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर. त्यांनी निरोप पाठवला, गुरुवारी या, सगळ्या खिडक्या बाहेरून पुसून पाहिजेत, जावई येतायत मस्कतहून. गुरुवार म्हटल्यावर मी बिनघोर गेलो. बाईंनी दारातच सांगितलं, "स्वयंपाकघराची खिडकी शेवटी घ्या हं, तिथे आज गडबड आहे." कसली गडबड, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. जावई घरी आल्यावर कर्णिकबाईंसारखी बाई वार बघत नाही, हे मला कळायला हवं होतं, कारण कर्णिकबाईंच्या मासळीप्रेमाच्या गोष्टी मी घरी मथुराच्या तोंडून हजारदा ऐकलेल्या.

खिडक्या आणि पापलेटं, दोन्ही एकाच जावयासाठी मागवलेली होती.

गच्चीवर टाकीच्या खांबाला दोराचे दोन वेढे देऊन मी बापाची गाठ मारली. खाली पाटाला दुसरी तशीच गाठ. ती ढिली केली की पाट खाली सरकतो, आवळली की थांबतो. बादली पाटाखाली टांगलेली. हॉलची काच पुसली, बेडरूमची पुसली, आणि बाजूला सरकून स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आलो.

आत जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, विळी पुढ्यात घेऊन, माझ्याकडे पाठ करून एक कोळीण पापलेट कापत बसलेली. अंबाड्यात अबोलीची वेणी. ती वेणी सकाळी घरी मथुराला माळताना मी बघितलेली.

माणसाने अशा वेळी खाली उतरावं. मी काय केलं? मी काचेला साबण लावला. मथुराने वळून बघितलं तर आपण दिसू नये म्हणून सगळ्या काचेला वरपासून खालपर्यंत पांढरा फेस थापला. फेस ओघळायला लागला की पुन्हा थापायचो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आतून कर्णिकबाईंचा आवाज आला.

"अहो, तुम्ही काच पुसताय की भिंत रंगवताय?"

मी उत्तर दिलं नाही. आवाज ओळखला असता. मी खोकलो. (खोकलाही ओळखला असता, हे नंतर सुचलं.) बादली संपत आली तेव्हा विचार केला, आता सरळ खाली उतरायचं, पाटही सोडून द्यायचा आणि कल्याणच्या पलीकडे आंबिवलीला जाऊन राहायचं. पाटाच्या गाठीला हात घातला. गाठ हलेना. दहा मिनिटं मी जो साबण थापत होतो त्याचं सगळं पाणी माझ्या कोपरावरून दोरावर आणि दोरावरून गाठीत गेलेलं. बापाची गाठ. पाणी लागलं की आवळणारी. ना वर, ना खाली. खिडकीत शिरावं तर ग्रिल.

आणि तेवढ्यात ती काच सरकली.

एवढा मोठा खिडक्यांचा कारागीर मी, सरकत्या काचांवर माझा सगळा धंदा उभा, आणि ती काच सरकते हेच विसरून बसलेलो!

काच सरकवली कर्णिकबाईंनी. मथुरा त्यांच्या मागून आली ती मात्र माझ्याकडे बघायला नाही. तिची नजर दोरावर होती. त्या दोराला एका जागी उंदरांनी कुरतडलेलं, तिथे मथुरानेच निळा नायलॉन विणून जोड दिलेला. तो जोड माझ्या नाकासमोर होता. माझ्या तोंडाला फेस होता, म्हणून तिला पहिल्यांदा वाटलं, चोर आहे.

"कोन रं तू? ह्यो दोर आमचा हाय. आमच्या माल्यावरना चोरलास?" हातात विळी तशीच.

मी हिंदीत बोललो. "हम इधर का नहीं बाई. हम परदेसी आदमी."

ती थांबली. माझं हिंदी ठाण्यात प्रसिद्ध होतं. तिने पदराचं टोक ग्रिलमधून बाहेर काढलं आणि माझ्या तोंडावरचा फेस पुसला. एकाच हाताने, तव्यावरची राख पुसावी तसा. मग म्हणाली,

"काशिनाथ."

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. मथुरा मला "अन्याचे बापूस" म्हणायची, अनंता जन्मायच्या आधी "अवं" म्हणायची. नावाने तिने पहिल्यांदा हाक मारली ती ही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या पायांकडे बघितलं. पाय हवेत होते. मग तिने नजर तिथून काढून घेतली. तिचा चेहरा तसा मी त्याआधी एकदाच बघितलेला, तिच्या भावांच्या वर्षश्राद्धाला.

मी म्हटलं, "अडकलोय."

"दिसतंय," ती म्हणाली, आणि परत विळीवर जाऊन बसली.

कर्णिकबाई घाबरल्या. "अगं मथुरा, ते पडतील ना!"

"गिऱ्हाईक आधी, वैनी. दोन पापलेटं राह्यलीत."

आणि तिने ती दोन पापलेटं कापली. एवढी बारीक, एवढी नीट पापलेटं तिने आयुष्यात कापली नसतील. पंख काढले, धुतली, हळद-मीठ चोळलं, जे ती कुणाच्या घरी कधी करत नव्हती. एवढ्यात मस्कतचे जावई आले. ते इंजिनीअर. त्यांनी खिडकीत उभं राहून मला नीट बघितलं, दोर बघितला, हाताने हवेत काहीतरी मोजलं आणि म्हणाले की दोर वरून कापला आणि खाली गाद्या टाकल्या तर वेगाचा फारसा प्रश्न येऊ नये. मथुरा हात पुसत उठली.

"झेलायला तुमी जानार का, जावईबापू?"

जावईबापूंनी मग मला चहा विचारला. ग्रिलमधून कप बाहेर येत नव्हता, म्हणून बशी दिली. चौथ्या मजल्यावर लटकून बशीतून चहा प्यायलेला माणूस ठाण्यात दुसरा असेल तर त्याने पुढे यावं.

मथुरा गच्चीवर गेली. वरची गाठ कोरडी होती, ती तिने सोडवली असणार, कारण दोर थोडा थरथरला. वेढे मात्र तिने खांबावर तसेच ठेवले. होडीवाल्याची सून आणि होडीवाल्याची लेक. दोन वेढ्यांवर दोर पायापायाने कसा सोडायचा हे तिला सांगावं लागत नव्हतं. पाट हळूच खाली निघाला. मला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोर पाट थांबला. वरून आवाज आला. मासळी बाजारात कमावलेला आवाज तो, चढवायची गरज नाही.

"नोकरी कवा सोडलीस?"

आता खिडक्यांत माणसं यायला लागलेली. तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा बनियनवर पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली ठेवला. मी वर तोंड करून सांगितलं, साडेतीन महिने झाले. दोर हलला नाही. मी म्हटलं, आणि वर चार दिवस. तेव्हा हलला. खाली जाता जाता आजोबांनी विचारलं की आमच्या खिडक्या कधी पुसाल. मी म्हटलं, वाचलो तर सोमवारी.

दुसरा मजला. पाट पुन्हा थांबला. इथे चार बायका आणि एक कुत्रा.

"डबा कुठं खात व्हतास?"

"गच्चीवर. टाकीच्या सावलीत. रोज सगळा संपवला."

"आनि सदाभाऊ?"

मला वाटलं, हे कुणाच्या तरी गळ्याशी आलंय. माझ्याच. चार बायका आणि कुत्रा माझ्याकडे बघत होते. मी हळू सांगितलं. वरून आवाज आला, ऐकू नाय आलं. मग मोठ्याने सांगावं लागलं.

"सदाभाऊ नाहीये. मीच खाल्लं सगळं."

"मंग चटनी चांगली झाली, हातान् चव हाय, ह्यो सगला कोन बोललं?"

"मीच."

दोर बराच वेळ हलला नाही. एका बाईने हळूच विचारलं, सदाभाऊ कोण? दुसरी म्हणाली, गप्प बस, ऐकू दे. मग वरून दोर सोडला गेला, थोडा जोरात.

पहिला मजला. जमीन आता दहा फुटांवर. खाली वॉचमन टोपी काढून उभा, जसं काही कुणी गेलंय. इथे पाट थांबला आणि थांबलेलाच राहिला. मला माहीत होतं आता कोणता प्रश्न येणार.

"परत जाशील कंपनीत?"

हो म्हणायला पाहिजे होतं. दहा फूट फक्त. हो म्हटलं असतं तर पाय जमिनीवर आले असते, सगळ्या अर्थाने, आणि ती माझ्याकडे एवढंच मागत आलेली. तोंडात हो आलेलंही. पण साडेतीन महिने खोटं बोलून जीभ थकलेली.

"नाही जाणार," मी म्हटलं. "तिथे खिडकी नाही, मथुरा. एकोणीस वर्षं मी बाहेर बघितलं नाही. वरून आपली खाडी दिसते. वाडा दिसतो. बापाची होडी लागायची ती जागा दिसते."

दोर ताठ होता आणि दोराच्या वरच्या टोकाला ती होती, आणि तिच्या मनात काय चाललंय ते मला दोरातून कळत होतं असं वाटलं. खाडी हा शब्द मी काढायला नको होता. खाडीकडे तिचं दोन माणसांचं येणं बाकी होतं.

मग वरून आवाज आला. पहिल्यांदाच बारीक.

"पुढल्या वेलेपासना दोर मी बांधनार. माझ्या हाताबिगर चढायचा नाय."

मी म्हटलं, बरं. विहिरीवर म्हटलेलं तसंच.

तेवढं ऐकल्यावर तिने उरलेले दहा फूट एकदम सोडले. पाटाखाली बादली होती हे मी वर सांगितलंय. पाट उलटला आणि मी बसलो तो बादलीत. असा बसलो की वॉचमन आणि मस्कतचे जावई दोघांनी दोन बाजूंनी ओढलं तेव्हा निघालो. वरून चारही मजल्यांनी टाळ्या वाजवल्या. धंद्याला मात्र फायदा झाला. त्या एका इमारतीने पुढे बारा वर्षं दुसऱ्याला काच पुसू दिली नाही.

मथुरा खाली आली. पाटाची ओली गाठ माझ्या कमरेच्या पट्ट्यात गुंतलेली. वॉचमनने पक्कड आणली, जावयांनी स्क्रू ड्रायव्हर आणला. मथुराने अंबाड्यातून आकडा काढला, गाठीच्या एका बाजूला खुपसला, एक पीळ उलटा फिरवला, आणि गाठ सुटली. मी बघतच राहिलो. माझ्या बापाची गाठ, माझ्या घरची!

"कुणी शिकवलं तुला?"

"मामंजींनी. तुना बांधायला शिकवलं, मना सोडवायला. बोलले, ह्यो बांधत सुटंल, तू हाताशी रहा."

बाप हिशेबी होता म्हटलं ना.

मग चौदा वर्षं ती माझ्याबरोबर आली. सकाळी मासळी, दुपारनंतर दोर. ठाणे, डोंबिवली, कल्याण. गच्चीवर खांबाला दोर बांधायची आणि कठड्याकडे पाठ करून बसायची. खाली एकदाही बघितलं नाही तिने. दर थोड्या वेळाने दोराला दोन हिसके द्यायची, म्हणजे, आहेस का? मी एक हिसका द्यायचो, म्हणजे, आहे. एवढंच आमचं बोलणं. डबा दोघांनी टाकीच्या सावलीत खायचा. खाऊन झालं की ती विचारायची, सदाभाऊ काय बोलतो? आणि मला सांगावं लागायचं. चौदा वर्षांत स्वतःच्या नावाने मी एकदाही सांगितलं नाही. जमलं नाही. ती बोलायची, गाठ सोडवायला शिकून घे, आकडा कुठं घालायचा ते दाखवते. मी बोलायचो, तू आहेस ना.

ती गेली त्याला सव्वा वर्ष झालं. पडून-झडून नाही, तापाने, खाटेवर, जमिनीपासून दीड फुटावर. मी पाय धरून बसलेलो.

गेल्या श्रावणात मी नाक्यावरून भिजून आलो. बाथरूममध्ये गेलो आणि पायजम्याची नाडी अडकली. आपलीच गाठ. नखं लावली, दात पोचेनात. तिचा आकडा आणला, आहे माझ्याकडे, सगळ्या बाजूंनी खुपसून बघितला. कुठला पीळ आणि कुठल्या बाजूला, काही उमजेना. अर्धा तास झाला. बाहेरून सून विचारते, बाबा, काय झालं? काय सांगू? सवयीने, काही न समजून, मी नाडीला दोन हिसके दिले.

गाठ आणखी आवळली.

शेवटी मुलाने येऊन कात्रीने कापली. दुसऱ्या दिवशी सुनेने बाजारातून चार पायजमे आणून दिले. ठाणे ते कल्याण, ज्याची गाठ कुणाला सुटत नव्हती तो चौथी पास काशिनाथ हल्ली इलास्टिकवर आहे.